चौकशी झाली, अहवाल आला. पण सही कुणाची होती?

हिशेबनीस

मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. मालक, त्यांच्या घरची माणसं, कामगाराचं कुटुंब. एक तान्हं लेकरूही होतं त्यात. सगळे तिथंच राहायला होते. त्या घटनेत चूक कुणाची हे ठरवायला मी बसलेले नाही, ते तपासाचं आणि कोर्टाचं काम. मला बोलायचंय ते अशा प्रत्येक दुर्घटनेच्या आधीच्या कागदांबद्दल, कारण माझं रोजचं काम कागदांचंच आहे.

मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. आपल्या जिल्ह्यात सहकारात वावरणाऱ्या माणसाला नुसतं "८८ लागली" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. सहकार कायद्याचं कलम ८८ असं आहे की संस्थेचं नुकसान झालं तर चौकशी अधिकारी जबाबदारी माणसागणिक ठरवतो. अमुक कर्ज तारण न बघता दिलं, त्या सभेला हे हजर होते, यांनी ठराव मांडला, त्यांनी अनुमोदन दिलं, व्यवस्थापकाने असा शेरा मारला. मग वसुलीची नोटीस त्या त्या माणसाच्या घरी जाते. "संचालक मंडळाने सर्वानुमते ठरवलं" एवढं म्हणून सुटता येत नाही. ज्याने इतिवृत्तात आपला विरोध लिहून घेतलेला असतो त्याला तो कागद कामाला येतो. हे सगळं सतत बघत आल्यामुळे कुठलीही दुर्घटना वाचली की मी आधी ठराव शोधते.

सरकारी कारभारात तो सापडत नाही. परवानगीवर गोल शिक्का असतो, हुद्दा असतो, त्यावर एक वाचता न येणारी सही असते. बऱ्याचदा खाली नावच नसतं. कारखाना एमआयडीसीत असेल तर बांधकामाची परवानगी एमआयडीसीची, कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, वीजजोडणीची तपासणी विद्युत निरीक्षकाकडे. प्रत्येकाकडे आपापला तुकडा, आणि माणसं रात्री आत झोपतात हा तुकडा कुणाच्याच नावावर नाही.

आपल्याकडे जबाबदारीचा विषय निघाला की लगेच लालबहादूर शास्त्रींचं नाव येतं. १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबद्दलचा आदर कायम आहे, पण राजीनामा दिला की जबाबदारी संपली असं मानायची सवय आपल्याला तिथूनच लागली असं माझं मत आहे. २६/११ नंतर विलासराव देशमुखांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, आर. आर. पाटलांनी गृहखातं सोडलं, आणि २००९ च्या निवडणुकीनंतर आर. आर. पुन्हा गृहमंत्री झाले. खुर्ची रिकामी झाली, भरली. कुठल्या टेबलावर कुठला कागद अडकला होता हे राजीनाम्याने कुणाला कळत नाही.

माझ्या मते खरा नमुना न्यायमूर्ती लेंटिन यांचा. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. लेंटिन आयोगाने औषध कुणी विकलं, कुणी तपासलं, खरेदीला कुणी मान्यता दिली, इथपासून थेट मंत्र्यांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन लिहिलं. सिमेंट प्रकरणात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुल्यांच्या विरोधातला जानेवारी १९८२ चा निकालही याच न्यायमूर्तींचा, आणि त्यानंतर मुख्यमंत्र्यांना जावं लागलं होतं. "यंत्रणेतील त्रुटी" असं म्हणून त्यांनी कुणाला झाकलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: परवानगी देताना, तपासणी करताना, हुकूम सोडताना माणसाचं नाव कागदावर यायला हवं, म्हणजे पुढे चौकशी समितीला ते हुडकत बसावं लागणार नाही. पोलीस, कोर्ट, महापालिका, शाळा, सगळीकडे. तुमचे अनुभव लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

टेरी_टॉवेल

ताई, तुमचं सगळं पटालंय, पण आमची बाजू ऐका. माझा लहान कारखाना आहे, टॉवेल करतो. सुताचा बारीक धुरळा दिवसभर उडत असतो, मोटारीवर, वायरिंगवर, छताच्या अँगलवर थर साचतो. ठिणगी पडली तर काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

२००६ चा अग्निशमन कायदा म्हणतो की आगीची यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं. "बी" नमुना. लायसन असलेल्या एजन्सीकडून घ्यायचं. एजन्सीचा माणूस येतो, सिलिंडरवरची तारीख बघतो, नवा स्टिकर लावतो, पैसे घेऊन जातो. छतावर किती थर साचलाय ते बघितलेला माणूस मला अजून भेटला नाही. मागच्या दाराला कुलूप आहे का हेही कुणी विचारत नाही. पण माझ्याकडे कागद पूर्ण आहे!

आणि कामगार आत का राहतो? रात्रपाळी करून परत लांब जायचं, भाडं परवडत नाही, मालकालाही राखणीला माणूस हवा असतो. दोघांचीही सोय. हे चूक आहे हे आता सगळे बोलालेत. मी माझ्याकडच्या दोन कुटुंबांना बाहेर खोली करून दिली. पण सगळ्यांना ते जमणार नाही, कारण बाजारात मंदी आहे आणि टॉवेलला भाव नाही.

माझी भीती अशी: नाव लिहायचा नियम आला की सगळ्यात खालचं नाव माझं. वरचे सगळे शिक्क्यातच राहतील.

बार्शीचा_वकील

टेरी_टॉवेल यांची भीती खरी आहे, आणि कायद्याने हा प्रश्न एकदा हाताळलेला आहे, म्हणून लिहितो.

कारखाने अधिनियम १९४८ मध्ये "भोगवटादार" म्हणून एक माणूस असायचा, म्हणजे कारखान्याच्या कारभाराचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो. पूर्वी मोठ्या कंपन्या काय करायच्या, एखाद्या मॅनेजरला भोगवटादार म्हणून नेमायच्या. अपघात झाला की तो आत, संचालक बाहेर. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ ला दुरुस्ती झाली: कंपनी असेल तर भोगवटादार संचालकांपैकीच एक असला पाहिजे. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे जबाबदारी खाली ढकलायची वाट कायद्याने बंद करता येते, हे झालेलं आहे.

पण त्याच भोपाळचं दुसरं टोकही सांगतो. १९८४ ची दुर्घटना. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणाच्या कलम ३०४-अ वर आणले, ज्यात कमाल शिक्षा दोन वर्षं होती. २०१० साली निकाल लागला तेव्हा दोषींना तेवढीच शिक्षा झाली. युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन कधीच कोर्टासमोर उभे राहिले नाहीत. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

खासगी माणसाचं हे झालं. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. पूर्वी ही परवानगी वर्षानुवर्षं पडून राहायची, हो नाही काहीच नाही. नव्या कायद्यात १२० दिवसांत सरकारने ठरवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं आहे. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. माझ्या बऱ्याच अशिलांना हे माहीतच नसतं.

पार्क_चौक

सोलापुरात तुकाराम मुंढे कलेक्टर होते तेव्हा कागद हलायचे. असा एक माणूस द्या, बाकी काही नको.

निवृत्त_लिपिक

पार्क_चौक, त्या काळात मी नोकरीत होतो (कुठल्या खात्यात ते राहू द्या). धाक होता हे खरं. पण बदली झाली की धाकही बदलून जातो. म्हणून ताई म्हणतात तो कागदाचा मार्ग मला जास्त पटतो. फक्त कागद आतून कसा चालतो ते तुम्ही बघितलेलं नाही, ते सांगतो.

नस्ती, म्हणजे फाईल, खालून वर जाते. लिपिक टिपणी लिहितो, "सादर" म्हणतो. वरचा सही करतो, त्याच्या वरचा सही करतो. साहेबाला मान्यता द्यायची नसते आणि नाकारायचीही नसते तेव्हा तो समासात दोन शब्द लिहितो, "चर्चा करावी". चर्चा केबिनमध्ये होते. तिथे काय बोललं गेलं ते नस्तीत येत नाही. चर्चेनंतर लिपिक नवी टिपणी लिहितो, आधीच्या उलट, आणि साहेब खाली लिहितो "नियमानुसार कार्यवाही करावी". पुढे काही झालं तर साहेब नियमानुसारच वागले. नियम मोडला तो टिपणी लिहिणाऱ्याने.

माझ्या ओळखीचा एक अभियंता अशाच एका नस्तीत निलंबित झाला. त्याला केबिनमध्ये सांगणारा माणूस पुढे बढती घेऊन निवृत्त झाला. आमच्यात म्हण आहे, सही करणारा मरतो आणि सांगणारा तरतो. म्हणून नवी पोरं सहीच करत नाहीत. नस्ती फिरत ठेवतात. एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त कागद ठेवू नये असा २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, तर सातव्या दिवशी एक क्षुल्लक त्रुटी काढून परत पाठवतात. कायदा पाळला जातो, काम होत नाही.

नुसतं नाव लिहायला लावलंत तर ही भीती दुप्पट होईल. आधी तोंडी हुकूम बंद करा.

हिशेबनीस

लिपिक काका, हे कुणीतरी आतून लिहावं असं मला फार वाटत होतं. मनापासून आभार.

भीतीचा मुद्दा मी टाळणार नाही. लेखापरीक्षणात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या धरतो. तारण बघितलं, मूल्यांकन घेतलं, कर्जदाराची फेड तपासली आणि तरी कर्ज बुडालं, तर तो धंद्यातला तोटा. त्यासाठी कुणाच्या घरी नोटीस जात नाही. तारण न बघता दिलेलं कर्ज बुडालं तर जाते, आणि भले ते कर्ज वेळेत फिटलेलं का असेना, निदान शेरा तरी येतो. अधिकाऱ्याचंही तसंच धरायला हवं. कारखान्यात जाऊन आला, छत बघितलं, दार बघितलं, जे दिसलं ते लिहिलं, तर त्याला पुढे कुणी हात लावू नये. त्याचं संरक्षण तो कागदच आहे. न जाता सही केली तर मात्र हुद्द्याच्या आड लपता येऊ नये.

तोंडी हुकमांबद्दल कायद्यात काही आहे का, वकील साहेब?

बार्शीचा_वकील

आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचना नोंदवून घ्याव्यात. सुब्रमण्यन स्वतः देशाचे माजी कॅबिनेट सचिव, म्हणजे हे दुखणं सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने कोर्टात नेलं. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की तोंडी हुकूम चालू राहिले तर माहिती अधिकारालाही अर्थ राहत नाही, कारण मागायला कागदच नसतो. लिपिक साहेबांच्या त्या अभियंत्याने केबिनमधून बाहेर येऊन "आजच्या चर्चेत मिळालेल्या निर्देशांनुसार" असं टिपणीत लिहिलं असतं तर साहेबांना ते खोडावं लागलं असतं किंवा मान्य करावं लागलं असतं. हे लिहायला धाडस लागतं, मला कल्पना आहे.

आणखी एक. १३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझर कारवाईवरचा निकाल. पंधरा दिवसांची नोटीस न देता, नियम डावलून घर पाडलं तर ते उभं करून द्यायचा खर्च संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून, असं न्यायालयाने लिहिलं. खिशातून हे महत्त्वाचं आहे. बिहारच्या रुदुल साह या माणसाला निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण ३५ हजार रुपये भरपाई दिली, आणि ती सरकारने भरली. म्हणजे तुम्ही आम्ही. ज्याने सुटकेचा कागद दाबून ठेवला त्याचं काय झालं हे निकाल वाचून समजत नाही.

तळे_हिप्परगेकर

इथे कायदा चाललाय म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला हायवेवर ट्रकने उडवलं, जागीच गेला. पंचनाम्यात ट्रक रस्त्याच्या ज्या बाजूला दाखवला ती बाजूच उलटी. आम्ही त्याच आठवड्यात लेखी दिलं. तपासी अंमलदार म्हणाले, कोर्टात बघू. मग त्यांची बदली झाली. नवीन आले, ते म्हणाले हे आधीच्यांनी केलंय. मग त्यांचीही बदली झाली.

कोर्टात पंच फिरला. गाडीच्या तपासणीचा अहवाल ज्याने केला तो साक्षीला आलाच नाही, समन्स बजावलंच गेलं नाही. तारखेला जायचं, बोर्डावर नंबर बघायचा, दुपारी कळायचं की पुढची तारीख. आई प्रत्येक वेळी यायची, डबा घेऊन, कोर्टाच्या आवारात बसायची. ड्रायव्हर सुटला. निकालात एक ओळ आहे की तपासात गंभीर त्रुटी आहेत. कुणाच्या, ते नाही लिहिलेलं.

मला ड्रायव्हरचा राग नाही आता. तो गरीबच आहे. मला ती उलटी बाजू कुणी लिहिली आणि का लिहिली एवढं कुणीतरी सांगावं.

चाटी_गल्ली

वाचून गलबलून आलं, भाऊ. आईंना नमस्कार.

खाकी_निवृत्त

हिप्परगेकर, मी पोलिसात होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुमच्या प्रकरणात जे झालं त्याचं समर्थन करणार नाही. पंचनाम्यातली बाजू उलटी होणं ही घाईत होणारी गोष्ट आहे, पण लेखी दिल्यावर दुरुस्त न करणं ही घाई नव्हे.

फक्त खात्यातली परिस्थिती सांगतो. एका अंमलदाराकडे एकाच वेळी ढीगभर गुन्हे. आषाढी आली की अख्खा जिल्हा पंढरपूरच्या बंदोबस्तात. गड्डा यात्रा, निवडणूक, नेत्यांचे दौरे, गणपती. तपासाला उरलेला वेळ रात्रीचा. बदली झाली की कागद पुढच्याकडे, आणि निकाल लागतो तेव्हा मूळ तपास करणारा तिसऱ्याच जिल्ह्यात असतो. त्याला निकालाची प्रतही जात नाही. आपण केलेल्या कामाचं कोर्टात काय झालं हे मला स्वतःला बहुतेक वेळा पेपरमधून कळलं. चूक कळलीच नाही तर माणूस सुधारणार कसा?

नावाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. डी. के. बसू प्रकरणात १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक करणाऱ्या, चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट दिसेल अशी नावाची पट्टी हवी. मी पट्टीच्या आधीची आणि नंतरची नोकरी, दोन्ही केल्या. समोरचा माणूस आपलं नाव वाचतोय हे कळलं की उचललेला हात खाली येतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पुढाऱ्याचा फोन आला की तो पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नावानिशी लिहायची सक्ती करा. निम्मे फोन त्याच दिवशी बंद होतील.

बार्शीचा_वकील

हवालदार साहेबांनी जो मुद्दा काढला, की तपास करणाऱ्याला निकाल कळतच नाही, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आहे आणि तो आमच्या वकील मंडळींतही फार कमी जणांना आठवतो. ७ जानेवारी २०१४, गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई. न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृहखात्यांना सांगितलं की आरोपी निर्दोष सुटला की प्रत्येक वेळी पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या स्थायी समितीने निकाल तपासायचा, तपासात कुणाची चूक झाली ते माणसागणिक ठरवायचं आणि दोषी अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई करायची. शिवाय त्या चुकांमधून पुढच्या अंमलदारांना प्रशिक्षण द्यायचं.

हिप्परगेकर, निकालाची प्रमाणित नक्कल काढा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, ज्यांच्या हद्दीत असेल त्यांच्याकडे या आदेशाचा दाखला देऊन अर्ज करा: आमच्या खटल्यातली सुटका समितीसमोर ठेवली का, त्यात काय ठरलं. वारस म्हणून तुम्हाला सुटकेविरुद्ध अपिलाचाही हक्क आहे, पण मुदतीचा प्रश्न येईल, म्हणून कागद घेऊन लवकर भेटा. इथल्या निरोपात कळवा, फी नको.

ज्यांचे तपास आत्ता चालू आहेत त्यांच्यासाठी: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वदाव्या दिवशी लेखी विचारा. आणि तोंडी उत्तर घेऊ नका.

अश्विनीनक्षत्र

पोलीस झाले, अधिकारी झाले. न्यायाधीशांना कोण विचारणार? तारीख देणाऱ्याचीही जबाबदारी आहे की नाही?

बार्शीचा_वकील

आहे, पण तिथे हत्यार एकतर फार मोठं, नाहीतर फार लहान. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर संसदेत दोन्ही सभागृहांचं विशेष बहुमत लागतं. १९९३ साली न्या. व्ही. रामस्वामींच्या विरोधात चौकशी समितीने दोष दाखवूनही लोकसभेत ठराव पडला, कारण सत्ताधारी पक्ष मतदानापासून दूर राहिला. खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाची देखरेख असते. निकाल चुकला म्हणून न्यायाधीशावर कारवाई व्हावी असं मी तरी म्हणणार नाही. उद्या जामीन द्यायलाही कुणी धजावणार नाही. निकालाला उत्तर अपील.

तारखांचा हिशेब मात्र मागता येतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की कुठल्या तारखेला काय झालं ते दिसतं. तारीख कुणी मागितली, आरोपीच्या वकिलाने, सरकारी वकिलाने, की साक्षीदार आला नाही, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, असतं. स्पष्ट लिहितो, बऱ्याच तारखा आम्ही वकीलच मागतो. अशिलाने आपल्याच वकिलाला रोजनामा दाखवून विचारावं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्यात आहे. मुंबईपर्यंतच्या हेलपाट्यांपेक्षा बरं. अपील परवडत नाही म्हणून चुकीचा निकाल गिळणारे लोक मी पुष्कळ बघितलेत, त्यांना याचा फरक पडेल.

मंगळवेढेकर

इतका वेळ वाचत होतो. आमच्या गावची एक गोष्ट या धाग्यात असायलाच हवी.

शके १२६०, म्हणजे १३३८. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. वेठीला धरलेले महार मजूर कामावर होते. कूस कोसळलं आणि सगळे खाली गाडले गेले. त्यात चोखोबा होते. नामदेव महाराज आले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी गोळा केल्या आणि पंढरपूरला महाद्वारात समाधी बांधली. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं म्हणून त्या ओळखल्या, असं परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना देवळात पाय ठेवू दिला नाही त्यांची ही समाधी.

लहानपणापासून कीर्तनात ही कथा ऐकतो आणि डोळे भरून येतात. पण भिंत कुणी बांधायला लावली, कच्च्या भिंतीखाली माणसं कुणी उभी केली, हे कुठल्याच कीर्तनात येत नाही. बाकीच्या मजुरांची तर नावंही नाहीत. पावणेसातशे वर्षं झाली. आजही बांधकामावर स्लॅब कोसळला की बातमीत "तीन मजूर ठार" एवढंच असतं. मेलेल्यांना नाव नाही आणि मारणाऱ्यालाही नाही.

त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार त्यांनी स्वतःच्या हुकमाने उघडलं अशी कथा आहे. वरून परवानगी नव्हती, शिक्षा होणार हे माहीत होतं. त्यांनी कोठार "लोकांनी लुटलं" असं कळवलं नाही. कथेत पुढे विठ्ठल धावून येतो, ते श्रद्धेचं. मला त्याच्या आधीचा भाग मोठा वाटतो.

हुतात्मा_चौक

मंगळवेढेकरांनी मनातलं लिहिलं. मी शहरातलं जोडतो. ८ मे १९३० ला सोलापुरात गोळीबार झाला, शंकर शिवदारे पहिले गेले. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ. त्याच वेळी झालेल्या पोलिसांच्या मृत्यूसाठी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. गोळ्यांनी मेलेल्या सोलापूरकरांसाठी कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही. ते परक्यांचं राज्य होतं. आज आपलंच राज्य आहे, म्हणून आपल्याला जाब मागायचा जास्त अधिकार आहे असं मी मानतो.

टेरी_टॉवेल

ताई, आता पुढं काय करायचं ते सांगा. मी करायला तयार आहे.

हिशेबनीस

दोन कायदे बघा. माहिती अधिकारात माहिती दिली नाही तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, जन माहिती अधिकाऱ्याला स्वतःला भरावे लागतात. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये सेवा वेळेत दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. आता कुठल्याही कार्यालयात जा, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी भिंतीवर दिसते. परवानगी देणाऱ्याची दिसत नाही. जिथे खिशाला हात लागतो तिथे नाव आपोआप वर येतं.

म्हणून अर्जापासून सुरुवात करूया. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत. मी मजकूर असा केलाय:

"अमुक पत्त्यावरील इमारतीबाबत: (१) अग्निसुरक्षेची मागील दोन वर्षांतील जानेवारी व जुलैची 'बी' नमुन्यातील प्रमाणपत्रे यांच्या प्रती. (२) प्रमाणपत्र देणाऱ्या परवानाधारक एजन्सीचे नाव व परवाना क्रमांक. (३) आपल्या कार्यालयाने या इमारतीची प्रत्यक्ष पाहणी केली असल्यास पाहणीची तारीख, पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पूर्ण नाव व हुद्दा, पाहणी अहवालाची प्रत. (४) पाहणी केली नसल्यास तसे नोंदवणाऱ्या नस्तीतील टिपणीची प्रत."

महापालिका हद्दीत अग्निशमन विभागाकडे, एमआयडीसीत एमआयडीसीच्या कार्यालयाकडे. टेरी_टॉवेल, तुम्ही स्वतःच्या कारखान्यासाठी टाका. मालकानेच विचारलं तर त्याला वेगळं वजन आहे.

निवृत्त_लिपिक

चौथा मुद्दा उत्तम घेतलाय. बहुतेक ठिकाणी "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येईल. त्यावर पहिल्या अपिलात विचारा की ती ठेवायची जबाबदारी कुणाची होती. अपिलाला तीस दिवस असतात, तारीख वहीत लिहून ठेवा. पोच घेताना आवक क्रमांक तपासा, नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका.

टेरी_टॉवेल

टाकतो. आमच्या लाईनीतले अजून चार-पाच जण तयार आहेत, त्यांना मजकूर पाठवला. छतही साफ करून घ्यायला लावलंय, मागचं दार आता उघडं असतं.

तळे_हिप्परगेकर

वकील साहेब, नक्कल आहे माझ्याकडे. निरोप टाकलाय. आईला घेऊन येऊ का?

बार्शीचा_वकील

या. पंचनाम्याची प्रत आणि तुम्ही बाजूबद्दल दिलेला लेखी अर्ज, त्याच्या पोचेसकट आणा. पोच आहे ना?

तळे_हिप्परगेकर

आहे. तिच्यावर घेणाऱ्याची सही आहे, नाव पण आहे.